तापीच्या उपनद्या, डोळे मिटून

४ जुलै १९३८, शहादे
इंग्रजी मासिकातला लेख तिसऱ्यांदा वाचला. अंग सैल सोडून, मंद संगीत ऐकत शिकलेलं मुलं विसरत नाहीत. वर्गातल्या बारा मुलींना सतरंजीवर निजवलं. हेडमास्तर हिंमतराव दारातून म्हणाले, "ताई, हाई शाळा शे का दवाखाना?" सगळी शाळा हसली. २२ तारखेला इन्स्पेक्शन. साहेबांसमोर माफी मागायला लावीन.

५ जुलै
नोकरी तात्पुरती. शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर आबा लग्न उरकणार. घराण्यातली पहिली बी.ए. मी! शक्य नाही.

८ जुलै
शेजारच्या जब्बारभाईंचा ग्रामोफोन आणला. सतार. अकरा मुली घोरल्या. पहाटे दळण करून येतात. लेखात दळणाबद्दल काही नाही. हिंमतराव खिडकीतून हसले. हेही लिहून ठेवते.

१३ जुलै
सापडलं! चाल ओळखीची हवी. तापीच्या उपनद्या कानबाई देवीच्या गाण्यावर बसवल्या. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी... मुली डोळे मिटून डुलतात, एकही चुकत नाही. मुलींना घरोघर बोलवायला जाणारी दगूबाई दारात बसून घुमायला लागली. नंतर म्हणाली, "ताई, देवीनी चाल शे. आंगमा येस." समजावलं की ते अंगात येणं नव्हे, मन शिथिल होणं. पद्धत प्रौढांवरही चालते, हे सिद्ध झालं.

२० जुलै
हिंमतरावांच्या माफीचा मजकूर मीच लिहिला. दोन ठिकाणी त्यांचा आवाज भरून येईल. आबांनाही बोलावलंय. बघू देत.

२२ जुलै, दुपारी
मुली 'गिरणा'पर्यंत आल्या आणि दगूबाई केस मोकळे सोडून वर्गात. घुमत थेट माझ्यासमोर. हिंमतरावांनी लगेच नारळ मागवला, तिला कुंकू लावलं, विचारलं, "माय, काय चुकनं?"
दगूबाईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोरनं लगन लाई टाका!"
साहेबांनी लेखणी ठेवून हात जोडले. आबांनीही. मी मन शिथिल होण्याबद्दल सांगत होते. कोणी ऐकलं नाही.

२५ जुलै
शेरा आला. 'मुलींचा भूगोल उत्तम. बाई लवकरच सासरी जाणार असल्याने त्यांना कायम करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'
भूगोल उत्तम! हिंमतरावांना वाचून दाखवला. म्हणाले, "देवीनी कृपा." आणि आबांशी बोलायला निघून गेले.

३१ जुलै
साखरपुडा झाला. हिंमतरावांच्या धाकट्या मुलाशी. एका दृष्टीने बरंच. सूड जवळून घेता येतो.
त्यांच्या पाया पडले, पण पूर्ण वाकले नाही. त्यांच्या लक्षात आलं असणार.