बादशहाचाचांच्या लग्नाची पत्रिका

उचगाव,
रविवार

तीर्थस्वरूप शशिधरदाजींना मेहुणा चन्नवीरचा वाकून नमस्कार. (तुमच्या छापखान्यात मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून हे कागदावर वाकणं.) अक्काचं बीपी ताळ्यावर असेल आणि तुमचा गुडघा अजून जिना चढत असेल, अशी आशा आहे. इकडं मी ठणठणीत. वाचनालयाचा चिटणीस झाल्यापासून वजन तेवढं दोन किलो उतरलंय, ते का ते पुढं येईलच.

आपले बादशहाचाचा एप्रिलमध्ये गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं हा माणूस आपलं बाइंडिंगचं दुकान पाचला बंद करून वाचनालयात यायचा, आठपर्यंत फाटकी पुस्तकं फुकट बांधायचा आणि चहासुद्धा घरून आणायचा. गावात लग्न झालं की उरलेल्या पत्रिका मागून न्यायचा. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ स्वतः शिजवून त्या जाड पत्रिका पुठ्ठ्यावर चिकटवायचा, आणि झालं पुस्तकाचं कव्हर. त्यामुळं आपल्या कपाटात पुस्तकं कमी आणि वऱ्हाड जास्त दिसायचं. (गावातल्या दानेश्वरीची सोडचिठ्ठी झाली, तेव्हा आठवड्याच्या आत चाचांनी तिची पत्रिका लावलेल्या पुस्तकाचं कव्हर गुपचूप बदललं होतं.)

चाचा गेले, सूत्रं माझ्या हाती आली आणि मी पहिल्याच महिन्यात सुधारणा केली. ती कुणी मागितली नव्हती, पण सुधारणा काय कुणी मागतं? साडेअकराशे पुस्तकांना, त्या पत्रिकांवरूनच, डिंकानं चिकटवलेला एकजात खाकी कागद, वर छापील नंबर, खाली बारीक अक्षरांत 'चन्नवीर, चिटणीस'. सगळं एकट्यानं. मग चाचांच्या आठवणीची सभा ठेवली, फातिमाचाचींना पहिल्या रांगेत बसवलं, आणि माझं भाषण ऐन रंगात आलं असताना मागून तानाबाई उठल्या. त्यांना 'आमच्या संयोगिताचं लग्न' वाचायला हवं होतं. मी म्हटलं, नंबर सांगा. तर म्हणतात, "लग्नाला नंबर असतोय व्हय रं?" ती पत्रिका लावलेल्या पुस्तकाचं खरं नाव त्यांनी वीस वर्षांत एकदाही वाचलेलं नाही (आतली रहस्यकथा मात्र दरवर्षी). अंदाजानं एक काढून दिलं, ते शेळीपालन निघालं. मग अख्खी सभाच उठली. जो तो आपलं लग्न मागायला लागला आणि मला एकही सापडेना. या गडबडीत फातिमाचाची कपाटाशी गेल्या, त्या खाकी रांगांवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "आमचे हे ह्यात कुठंच दिसत न्हाईत की."

दाजी, मला रडू आलं. भाषण अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ओलं फडकं घेऊन बसलोय. माझा डिंक पाणी लागताच सुटतो, चाचांची खळ काही हलत नाही. चाचीही येतात, आणि एकेक पत्रिका उघडी झाली की त्या लग्नातलं जेवण कसं होतं ते सांगतात. नऊशे पुस्तकं झाली. तानाबाईंना संयोगिता मिळाली. लोक पुन्हा यायला लागलेत, तेव्हा काळजी नसावी, मी आहे. काल सहज चाचींना विचारलं, तुमची पत्रिका कुठल्या पुस्तकावर? तर हसल्या. "आमच्या लग्नाला कसली पत्रिका? ह्यांनी सायकलवर फिरून तोंडी आवतण दिलतं."

बाकी क्षेम. अक्काला सांगा, मी बारीक झालो तरी जेवतोय.

तुमचा,
चन्नवीर

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. बादशहा आणि फातिमा यांच्या लग्नाची एक पत्रिका छापून गुरुवारच्या आत पाठवा. जाड कागद, सोनेरी अक्षरं. (चाचींना सांगून बसलोय.) चाचांनी सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली, पण ते स्वतः लिहायचे ते सभासदांचं रजिस्टर तसंच उघडं राहिलंय. त्याला ती लावणार. लग्नाची तारीख चाचींना आठवत नाही. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले होते आणि वऱ्हाड दोन दिवस माहेरीच अडकलं होतं, एवढं आठवतं. तारखेच्या जागी तेच छापा.

आणखी एक : 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ नको. कुणी पुस्तक आणलं तर चाचांनी कधी नको म्हटलं नव्हतं.

आणि शेवटचं : निमंत्रक म्हणून माझं नाव घालायचंच असेल (माझा आग्रह नाही, पण चिटणीस मीच आहे), तर ते मागच्या कोऱ्या बाजूला छापा, जिथं खळ लागते.