ओढलं की घट्ट

३ फेब्रुवारी, नांदेड
अव्वाला परत ताप! लघवीला जळजळ, कंबर धरलेली. निलंग्याचे डॉक्टर म्हणाले, किडनीपर्यंत गेलंय, पुन्हा झालं तर लातूरला भरती. आणि ही माझी आई फोनवर मलाच विचारते, "तू जेवलीस का गं?"
माझी पीएचडी याच दुखण्याच्या जंतूवर. तो ज्यानं चिकटतो त्या प्रथिनावर! हसावं का रडावं.

५ फेब्रुवारी
कारण मला ठाऊक आहे. आमच्या कापडदुकानाला संडास नाही. आप्पा जातात बाजूच्या बोळात. अव्वा सकाळी बसते ती दिवेलागणीपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. गिऱ्हाइकाला मात्र आधी पाण्याचा तांब्या!
संडासाला जागा आहे ती एकच, मागच्या कोपऱ्यात. तिथं आजोबांची गादी. आप्पांना म्हटलं, गादी हलवा. "गादी हलत नसती." मी ओरडले. त्यांनी फोन ठेवला. लई राग आला.

९ फेब्रुवारी
माझ्या गाईड लुंबिनी मॅडम आज खूश. प्रथिनाचा आकार संगणकावर नीट उलगडला. दोन भाग — डोकं आणि बुडखा. डोक्याच्या टोकाला खळगा. मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवरची मॅनोज नावाची साखर त्यात बरोबर बसते. बुडखा जंतूच्या अंगावरच्या केसाला जोडलेला.
गंमत पुढंच. लघवीच्या धारेनं ओढ बसली की डोकं बुडख्यापासून जरा सुटं होतं आणि खळगा साखरेभोवती मिटतो. ओढाल तितकं घट्ट!
याच्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम ओळखीच्या प्रथिनांशी फारसा जुळत नाही, म्हणून मी वेगळं कुळ लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "घडण बघ गं. चेहरा बदलला तरी हाडं त्याच घरची." खोडलं.

१० फेब्रुवारी
आप्पांना पुन्हा फोन. पुन्हा भांडण. जितकं ओढते तितके ते घट्ट! — आणि मी तरी कुठं सोडते? हाडं त्याच घरची.

१६ फेब्रुवारी, निलंगा
सुट्टी टाकून आले. ठरवूनच आले, भांडायचं नाही. अव्वाला घरी झोपवलं आणि दुकानात तिच्या जागी बसले. गिऱ्हाइकांना पाणी दिलं, स्वतः प्याले नाही.
दुपारी आप्पांनी तांब्या पुढं केला. "पी की माय, तोंड सुकलंय."
"नको आप्पा. मग जायचं कुठं?"
रागानं नाही म्हटलं. खरंच ओटीपोट दुखत होतं, आणि बापापुढं हे बोलायची लाज वाटत होती. आप्पा तांब्या हातात धरून तसेच बसले. गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "तुझी अव्वा रोज अशीच बसती?"
"हाव."
बिचारे! इतकी वर्षं शेजारी बसून त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला त्यांचीच माया आली.

२ मार्च, नांदेड
मॅडमनी प्रबंधातलं वर्गीकरणाचं प्रकरण मान्य केलं. अव्वाचा ताप उतरला. आप्पा फोनवर येतच नाहीत. रुसले वाटतं.

१४ मार्च
भर दुपारी अव्वाचा फोन, दुकानातून.
"तुझ्या आप्पांनी आजोबांची गादी दाराशी मांडली बघ. मागं फरशी बसली, नळ आला, कडी बी आतून हाय. थांब गं, जरा पाणी पिऊन घेते."
फोन चालूच होता. ती घटाघटा प्याली. मी ऐकत राहिले.