फाटकावरचा चेहरा

ॲथलोन, आयर्लंड
३ मे २००४

ती. आईस,
गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

बातमी ऐकून ओरडू नकोस. मी इथल्या नगरपालिकेला उभी राहिलेय. आश्रय मागायला आलेल्यांच्या वसाहतीत आपल्या काळ्या बायका पोराबाळांसकट गळक्या पत्र्याच्या घरांत राहतात, आणि त्यांच्या वतीनं तोंड उघडणारं पालिकेत कुणी नाही. तुझा जावई कुन्ले म्हणतो, घरात हिच्यापुढे कुणाचं चालत नाही, तर पालिकेचं काय चालणार!

खांबाखांबावर माझे फोटो लागलेत. परवा बाजारातल्या फोटोचे डोळे कुणीतरी सिगारेटनं जाळले. कुन्लेला मी वाऱ्यानं फाटला म्हणून सांगितलं. खरं सांगते आई, मला भीती वाटतेय.

लोभ आहेच. काळजी मात्र पाठवू नकोस, इथे भरपूर आहे.
तुझी मोजिसोला

इलेशा, नायजेरिया
११ मे

चि. मोजीस,
अनेक आशीर्वाद. नाव मागे घे. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

तुझे बाबा उभे राहिले तेव्हा तू माझ्या पाठीवर बांधलेली होतीस. मतं मागणारा त्यांचा फोटो मीच खळ लावून फाटकावर चिकटवला. गुंडांनी त्यांना मारलं, आणि त्याच जागी, आपल्याकडच्या रीतीनं, मृत्यूची खबर देणारा फोटो लागला. फोटो तोच होता गं, खालची अक्षरं तेवढी बदलली. तेव्हापासून मी मत दिलेलं नाही, की त्या फाटकावर काही चिकटवू दिलेलं नाही. तुझे जळके डोळे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. खड्ड्यात गेली ती पालिका! आणि तुझ्या नवऱ्याला थट्टा सुचतेच कशी? त्याला सगळं सांग.

माया वाढवायला तू जिवंत हवीस.
तुझी आई

ॲथलोन
१९ मे

ती. आईस,
गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर नाव मागे घ्यायची मुदत संपली होती. खोटं कशाला बोलू, मुदत असती तर घेतलं असतं. घरचा फोन वाजतो आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो. कुन्लेला सगळं सांगितलं. आता तोही थट्टा करत नाही.

मत दिलं तर इथे राहू देणार नाहीत, असं वसाहतीतल्या बायकांच्या मनात कुणीतरी भरवलंय. कायद्यानं मत त्यांचंही आहे. घाबरू नका, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगते, आणि घरी आले की दाराची कडी दोनदा तपासते.

सोबत प्रचाराचा एक फोटो पाठवतेय. नको असेल तर गादीखाली ठेव. आशीर्वाद मात्र दे, रागावून का होईना.
तुझी मोजिसोला

इलेशा
३० मे

चि. मोजीस,
अनेक आशीर्वाद, रागावूनच.

फोटो गादीखाली ठेवला. त्याच्यावर झोप कुठली लागते! शेवटी काल खळ शिजवली आणि बाबांच्याच जागी चिकटवला. चुलीपाशी पोचते न पोचते तोच शेजारची रिसिकातची आई छाती पिटत आत आली, मागून आळीतल्या सगळ्या बायका. एवढी गुणी पोर गेली कशी, इकडे आणणार की तिकडेच पुरणार, असं विचारायला लागल्या. क्षणभर मलाही खरं वाटलं गं. वाटलं, यांना निरोप आलाय आणि मलाच कुणी सांगितलं नाही.

मग अशी संतापले! झाडू उचलला आणि ओरडले, की खालची अक्षरं वाचा मेल्यांनो, माझी लेक जिवंत आहे, मतं मागतेय. रिसिकातची आई डोळे पुसत म्हणते कशी, मतं मागायची तर जरा हसरा फोटो काढायचा.

फोटो अजून तिथेच आहे. भीतीही तिथेच आहे. निकाल लागला की कोपऱ्यावरच्या टेलिफोनवाल्याकडे फोन कर, मी तिथेच बसून असेन. पण आधी तू आहेस, एवढं सांग. हरलीस की जिंकलीस ते मागून.
तुझी आई

ॲथलोन
१४ जून

ती. आईस,
गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत वसाहतीतून कुणी फिरकलं नाही. मी आशा सोडली होती. मग त्या आल्या, सगळ्या एकदम, चर्चला जायच्या कपड्यांत, एकमेकींचे हात घट्ट धरून. मला रडू आवरेना.

इथे निवडणूक झाली की फोटो उतरवावे लागतात. जळक्या डोळ्यांचा मी स्वतः उतरवला. तुझ्या फाटकावरचा राहू दे.

काल फोनवर मी आहे, बरी आहे, एवढं म्हटलं आणि तू देवाचं नाव घेऊन फोन ठेवूनच दिलास. पुन्हा लावला तर टेलिफोनवाला म्हणाला, म्हातारी नाचत घरी गेली. म्हणून हे पत्र.

आई, निवडून आले गं.
तुझी मोजिसोला