वल्लरी मॅडमना दाखवलेलं घर

रोडपाली, रविवार

ती. सुनिताताईंस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांची बंदी नाही, फक्त डाव्या हाताने जड उचलायचं नाही. त्यामुळे तुमचा भाऊ गॅसचा सिलिंडर लावायला शिकला. कॅन्सरने एवढं तरी केलं.) तुमचे गुडघे काय म्हणतात? दाजी जासईच्या रस्त्यावरच्या कंटेनरांना अजून शिव्या घालतात ना? म्हणजे तब्येत उत्तम. फोनच करणार होते, पण फोनवरचं बोलणं आईंना भिंतीपलीकडूनही ऐकू येतं, म्हणून पत्र.

मूल दत्तक द्यायच्या आधी संस्थेची माणसं घर बघून जातात. गुरुवारी त्यासाठी वल्लरी मॅडम आल्या. आता आईंनी आजवर सात लग्नं जमवलेली, त्यांनी हेही त्याच रीतीने घेतलं. ओवे गावाहून मामांना बोलावलं, हरेशला नवा शर्ट, मला जरीची साडी, कांदेपोहे, वर खोबरं. मामांनी मॅडमना माहेर कुठलं ते विचारलं. आणि स्थळात काही खोट असेल तर ती झाकायची असते, म्हणून आईंनी माझी हॉस्पिटलची फाइल गुपचूप तांदळाच्या डब्यात कोंबली आणि ठणकावून सांगितलं, "आमची सून लोखंडाची हाय. कवा शिंकली पन नाय!"

मॅडमच्या मांडीवरच्या कागदांत माझा सगळा आजार तारीखवार लिहिलेला. त्यांनी शांतपणे डॉक्टरांचा मूळ दाखला मागितला. मी कपाट उपसलं, हरेश पलंगाखाली शिरला, आई पंख्याकडे बघत बसल्या. दोन वर्षं वाट बघून मिळालेली भेट, आणि मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागलेल्या. शेवटी म्हटलं, आई, त्यांना सगळं माहीत आहे, मीच कळवलंय. तशा आई उठल्या, फाइल काढून मॅडमपुढे आपटली आणि रडतच म्हणाल्या, "मंग ह्ये पन लिवा. हिला पानी पचत नव्हतं तवा मी चमच्यानं पेज पाजलीय. एक पोर मना जड नाय."

मॅडमनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, फाइलवरचे तांदूळ झटकले आणि आणखी पोहे मागितले. ताई, अकरा वर्षं मी या बाईशी आमटीतल्या मिठावरून भांडतेय. यापुढेही भांडेन. पण तिचे उपकार मला या जन्मात फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तुमची,
रोहिणी

ता.क. मॅडम निघताना आईंनी त्यांची ओटी भरली. मॅडमनी नियम सांगून नारळ परत दिला. आई अजून रुसून आहेत.

आणखी एक ता.क. (पत्र खरं यासाठीच.) आमचं काही बरंवाईट झालं तर मुलाला कोण सांभाळील, असं एका कागदावर विचारलंय. हरेश म्हणतो, काही होत नाही गं. पण माझं दुखणं उलटू शकतं, ताई. आईंपुढे मी हे बोलत नाही. तुमचं आणि दाजींचं नाव मी लिहून मोकळी झालेय, न विचारता. दुसरं नाव सुचलंच नाही. सोबतच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्यात, बुधवारपर्यंत. दाजींना वाचायला द्या, नुसतं "इथे करा" म्हणू नका. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. (रागावेन. पण दिवाळीपर्यंतच.) आम्ही मुलगी मागितली आहे. ती तुम्हाला आत्या म्हणेल की आई, ते माझ्या तब्येतीवर आहे. मला दोन्ही चालेल.