पाठमोऱ्या माणसांची काच

मी, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेला, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि डॉक्टरांच्या मते प्रकृतीने नरम पण जिभेने अजून तिखट, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. दबाव आणायला घरात दुसरं कोणी नाहीच.

राहती खोली धाकट्या भावास. तो ती विकणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल विकू दे. मात्र आल्या आल्या भिंती मोजायला लागू नये, आधी घोटभर पाणी प्यावं.

कुंचले, रंगाचे डबे व शिडी शेजारच्या काचवाल्यास. शिडीची वरची पायरी डुगडुगते. बँकेतली शिल्लक खालच्या शिंपीणबाईंना. माझ्या आजारपणात जेवणाचा डबा त्यांनीच पुरवला, सख्ख्यांनी नव्हे.

आता काचेवरच्या चित्राविषयी. आई गेल्यावर मला एक स्वप्न पडलं. घरची सगळी जेवायला बसलेली, मी दारातून हाका मारतोय आणि एकही मान वळत नाही. जागा झालो. भीती जाईना, म्हणून तेच रंगवायला घेतलं. काचेवर मागच्या बाजूने रंगवतात, त्यामुळे जे सगळ्यात पुढे दिसायचं ते आधी काढावं लागतं. मी आधी केस काढले. आईचा अंबाडा, भावाचं टक्कल, ताईची वेणी.

ताई बघून भडकली. "मी कधी पाठ फिरवली रे तुझ्याकडे? माझा चेहरा काढ आधी!"

"ताई, आता केसांच्या पुढे चेहरा येत नाही. तुझी वेणी खरवडली, तर तुला टेकलेली आईही जाईल."

तिला वाटलं, मी सबबी सांगतोय. तेव्हापासून येणं नाही, बोलणं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मला तिची फार आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसं लिहितात, मला माहीत नाही.

सदर चित्र ताईस. तिने ते स्वतः येऊन न्यावं, हमाल पाठवू नये.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला कळतं. तरी याची एक प्रत उद्याच वकिलाच्या पाकिटातून ताईला जाईल, कारण माझी पत्रं ती न फोडता परत करते. ताई, चित्र न्यायला मी मरायची वाट बघायला हवी, असं काही नाही.

साक्षीदार: डॉक्टर (सही), समोरचा न्हावी (सही)
लिहून ठेवणार: पेंटर (सही)
स्थळ: राहती खोली. दिनांक: आजचा, रविवार. दुपारी मी घरीच असतो.