मागचं डावं चाक

४ सप्टेंबर १९८८

भास्करभाऊजी सकाळीच आले, गांधीबागेतलं दुकान उघडायच्या आधी. गाडीला गिऱ्हाईक आणलंय. लकडगंजचा लाकूडवाला.

"वहिनी, उभ्या उभ्या गंज खाऊन राहिली गाडी. ठेवून का करता?"

मी शिकतेय म्हटलं. हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. चहा पिता पिता म्हणाले, "बरं. दसऱ्यापर्यंत एकटीनं बेस्याच्या वावरात जा अन् परत या. ढकलाले कोणी नाही, ओढाले कोणी नाही. जमलं तर मी गाडीचं नाव नाही काढणार."

गाडी दोघा भावांनी मिळून जुनी घेतलेली. कागदावर दोघांची नावं. ह्यांच्या माघारी त्यांचं ऐकणं आलं.

हे गेले त्याला चौदा महिने. दर रविवारी वावरात जायचो. मी बाजूच्या सीटवर, मांडीवर डबा.

६ सप्टें.

काशिनाथ मिस्त्री शिकवायला येतो. आधीपासून गाडी तोच बघतो. आज क्लच पुरा दबत नव्हता, म्हणून त्यानं कडी ओढून सीट पुढं सरकवली. मी ओरडले. तो घाबरला. "बोट सापडलं का बाई?"

काय सांगायचं. सीट ह्यांच्या पायांच्या मापाची होती. पाच खाचा पुढं आली. लिहून ठेवते. पाच.

१० सप्टें., पोळा

लाजेनं मान खाली.

बैलांना नवी झूल, सालदार मारोतीला धोतर, असं दरवर्षी हे नेत. यंदा मी निघाले, मिस्त्री बाजूला. पक्क्या रस्त्याला जमलं. वावराच्या वाटेवर काळी माती, ओली, लोण्यासारखी. गाडी थांबली. मी पाय दाबला. आणखी दाबला. मागचं डावं चाक नुसतं भिरभिर. उजवं बांधाच्या कोरड्या धुऱ्यावर होतं, ते हललंही नाही. मिस्त्री बघायला उतरला तो चिखलानं रंगला.

"काहून दाबून राहिल्या बाई! विहीर खणता का इथं?"

मारोतीला म्हटलं, बैल आण. तो समोर येऊन हात जोडून उभा. "आज नाही बाई. आज त्यांच्या खांद्यावर जू ठेवलं तर मले पाप लागंल. वर्षातून एकच तर दिवस त्यांचा." खरंच होतं. इतकी वर्षं पोळा करते, मला सुचायला नको?

तुराट्या घातल्या, दगड घातले. चाक सगळं गिळून बसलं. शिंगांना बेगड लावलेले दोघे बैल बघत होते. मिस्त्री त्यांना म्हणाला, "हसा लेको, तुमचाच दिवस आहे."

गाडी तिथंच सोडून चालत रस्त्याला लागलो.

११ सप्टें.

ह्यांच्या कपाटातलं मोटारीचं पुस्तक काढलं. इंग्रजी. शब्दकोश घेऊन बसले, चार पानांना दुपार गेली. कळलं ते असं :

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागे दोन चाकांच्या मधे एक दातेरी चाकांची पेटी असते, ती दोघांना वेगळं फिरू देते. सोय चांगली. पण एक चाक निसरड्यावर असलं की जे सहज फिरतं तेच फिरत राहतं, आणि पकड असलेलं चाक उभंच्या उभं. मी जितकं दाबत होते तितकं ते एकटं खोल जात होतं.

समासात ह्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं : हँडब्रेक, दोन खटके.

वाचून हात थांबला. त्या वाटेवर हे हँडब्रेक थोडा ओढायचे आणि मग हळूच गाडी काढायचे. मी म्हणायची, ब्रेक ओढून गाडी निघते का कुठं? "निघते. बघत राय." दर खेपेला तेच. मी हसायची अन् बाहेर कापूस बघायची. एकदाही विचारलं नाही का ते. विचारलं असतं तर किती खुलून सांगितलं असतं

१२ सप्टें.

मारोतीनं बैल आणून ठेवले होते. आधी मला करू दे म्हटलं. दोन खटके ओढले. ब्रेकनं मोकळं फिरणारं चाक अडतं, मग जोर दुसऱ्याकडे जातो. पाय अगदी हलका. उजवं चाक कुरकुरलं. हातभर पुढं. मग सगळीच बाहेर.

"अरे बापा!" मारोती. मिस्त्रीनं टोपी काढून पुन्हा घातली.

मागं वळून बघितलं. ह्यांना सांगायला.

१८ सप्टें.

वाचनालयात एक मासिक. परदेशातल्या काही नव्या गाड्यांत प्रत्येक चाकाचा वेग मोजतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरलं की गाडी आपणच त्यालाच ब्रेक लावते, किंवा एंजिनचा जोर कमी करते. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. म्हणजे दोन खटके ओढायचं अन् पाय उचलायचं काम यंत्राकडे. लिहिणारा म्हणतो, हळूहळू साध्या गाड्यांतही येईल.

ह्यांना दाखवायला पान दुमडलं. मग आठवलं की मासिक वाचनालयाचं. मग दुसरंही आठवलं.

३ ऑक्टो.

पक्कं लायसन. फोटो वाईट.

९ ऑक्टो.

भाऊजी आले. पोळ्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेलीच. भांडायच्या तयारीनं बसले होते मी. ते बराच वेळ खिडकीतून गाडीकडे बघत राहिले.

"वहिनी, गिऱ्हाइकाचं काही नाही. ते गाडी दारात दिसली का मले वाटते दादा घरात आहे. मी हाक माराले तोंड उघडतो अन्..."

मला त्याच कारणासाठी ती हवी आहे, हे सांगायचं राहिलं.

१५ ऑक्टो., वावरात

एकटी आले. रस्ताभर कोणाशी बोलले नाही, तोंड कोरडं पडलं. मारोतीनं पाणी दिलं.

दुपारी आभाळ भरलं. आता तासभर पडतोय. वाट काळी झाली, पाणी साचलंय. पोळ्यापेक्षा वाईट. त्या दिवशी एक चाक तरी कोरड्यावर होतं. दोन्ही निसरड्यावर असली तर काय, ते पुस्तकात आहे का बघायचं राहिलं.

मारोती विचारून गेला, बैल आणू का. नको म्हटलं. तो धुऱ्यापर्यंत गेल्यावर हाक मारली, "लांब जाऊ नको गा."

सकाळी निघताना भाऊजी फाटकाशी उभे होते. "जपून," म्हणाले. गाडी परत यावी असं त्यांना वाटत होतं की न यावी, चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.

पाऊस जरा उतरला. वही ठेवते.