सातव्या रकान्यातला शब्द

९ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

फोनऐवजी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. दादा आहे तसाच आहे. पण घर लहान, आणि मी फोनवर कितीही हळू बोलले तरी चिंगी काय म्हणतेय, असं तो पलीकडच्या खोलीतून विचारतोच. म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव.

मंगळवारी पालिकेच्या सभेत आपल्या गल्लीचे तीन विषय होते. पहिला, आपली पुढची भिंत पाडून गाडी आत घेण्याचा. नामंजूर. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या भिंती एकसारख्या राहिल्या पाहिजेत असा नियोजनाचा नियम आहे. तो मीच दोनदा टाइप केलाय, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. दुसरा, घरासमोरच्या झुडपांच्या कुंपणाचा. त्यात पक्ष्यांनी घरटी केली आहेत, तर पिल्लं उडेपर्यंत तिथे कात्री लावायची नाही. एकमताने मंजूर. तिसरा, त्या कुंपणालगत रस्त्यावर दादासाठी अपंगांच्या पार्किंगची जागा आखून देण्याचा. तो फेटाळला.

सभेचं इतिवृत्त मी लिहिते हे तुला माहीत आहे. भावाचा विषय आला तेव्हा मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं, पण आत बसणं मला बरोबर वाटेना. आत काय झालं ते मला नंतर कळलं. अध्यक्षांनी अर्जाचा सातवा रकाना वाचला, अपंगत्वाचं स्वरूप. तिथे लिहिलं होतं, सध्या चालता येत नाही. सध्या म्हणजे किती दिवस, असं त्यांनी विचारलं. सांगणारं कुणी नव्हतं. रस्त्यावरची जागा कायमच्या अपंगत्वालाच मिळते. दोन मिनिटांत विषय संपला, मला आत बोलावलं, आणि तो निर्णय मी माझ्या अक्षरात उतरवून घेतला.

सातवा रकानाही मीच भरला होता. तेव्हा दादा समोर बसला होता, आणि आपल्याकडे लिहिलेलं मोठ्याने वाचायची सवय. त्याला अर्धांगाचा झटका आल्यापासून चौदा महिने आपण सगळे सध्याच म्हणतो आहोत. सध्या खुर्ची. सध्या डाव्या हाताने जेव. डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेऊन जे सांगितलं, ते त्याला सांगितलेलंच नाही. त्यामुळे पेन त्या रकान्यावर आलं आणि तोच शब्द आपोआप लिहिला गेला. आपोआप असं लिहिते आहे खरी, पण खात्री नाही.

गाडी मागच्या मैदानात लागते. तिथून खुर्चीला दोनशे पावलं, मधे तीन पायऱ्या. दर वेळी शेजारच्या सुताराला हाक मारावी लागते, आणि ती मारलेली दादाला आवडत नाही. चार महिने तो घराबाहेर पडलेला नाही. निर्णय सांगितला तेव्हा म्हणाला, पक्ष्यांनी साधा अर्जसुद्धा न करता जागा मिळवली, वशिला दांडगा दिसतोय. मग खिडकीकडे वळला.

जावईबापूंना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
ताई


१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बालवर्गाच्या कलकलाटात वाचलं आणि कपाळावर हात मारला. बाहेर जाऊन बसलीस! लहानपणी लपंडावात तुझ्यावर राज्य आलं की तू खरंच डोळे घट्ट मिटायचीस, म्हणून तर दर वेळी हरायचीस. अजून तशीच आहेस.

यात अवघड काय आहे? नवा अर्ज भर, सातव्या रकान्यात कायम लिही, डॉक्टरांचा दाखला जोड. दादाला वाचून दाखवू नकोस. घडी घालून फक्त सहीपुरता कागद पुढे कर. डाव्या हाताने सही करताना तो जीभ दातात धरतो आणि दुसरीकडे बघतच नाही, असं तूच मागे सांगितलं होतंस. काम झालं की कळव. दादाला म्हणावं, लवकर बरा हो, तू बांधलेली वही मला अजून मिळायची आहे.

माझ्यावर रागावून का होईना, पण लोभ कर.

तुझी,
चिंगी


२४ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

इतकं सरळ नाही ते. दादा काम करतो ते ग्रंथालयही पालिकेचंच आहे, हे तू विसरलीस. दादाची रजा दर सहा महिन्यांनी वाढते ती याच शब्दावर, सध्या कामावर येता येत नाही. त्याचं पुस्तकबांधणीचं टेबल जूनअखेरपर्यंत राखून ठेवलंय. परवा मी मुद्दाम जाऊन पाहिलं. शिकंजा, सुया, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं, सगळं कापडाखाली झाकलेलं. कुणी हात लावलेला नाही, असं ग्रंथपाल बाईंनी मला दोनदा सांगितलं.

एका फायलीत कायम लिहिलं की दुसरी फाइल बंद होते. दोन्ही कागद आवक-जावक नोंदीला माझ्याच टेबलावरून जातात. एकाच माणसाबद्दल दोन वेगळे शब्द मी माझ्या हाताने नोंदवू शकत नाही. तू म्हणशील, कोण उघडून बघतंय? मी बघते ना.

म्हणजे गाडीची जागा घेतली तर टेबल जातं, आणि टेबल ठेवलं तर तो घरातच. आता टेबल तरी कुणासाठी, हाही प्रश्न आहे. उजव्या हाताची बोटं सुई धरत नाहीत. रोज सकाळी तो रबरी चेंडू दाबतो. तीस झाले म्हणतो तेव्हा अठरा झालेले असतात. मी मोजते, बोलत नाही.

नवा अर्ज भरून चार दिवस झाले, माझ्या खणात पडून आहे. तुला वाईट वाटतंय का, असं मी काल स्वतःलाच विचारून पाहिलं. मग इतिवृत्ताच्या बारा प्रती काढल्या.

तुझ्यावर राग नाही. आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घडी घालून कागद पुढे कर असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. लाज वाटली.

पण तूही ऐक. पालिकेत त्याचा विषय निघाला तेव्हा तू बाहेर गेलीस. घरात मात्र त्याच्याच विषयाला तू आत आणि तो बाहेर. टेबल त्याचं, पाय त्याचे, आणि निवड तुझ्या खणात! तू कोण गं ठरवणारी? मी स्वतःला वगळत नाही. लवकर बरा हो असं मी म्हणते, कारण त्यानंतर काय बोलायचं ते मला माहीत नाही. हे पत्र मिळालं की त्याला सांग. तुला जमणार नसेल तर मी येऊन सांगते, पण मी रडेन आणि त्याला माझीच समजूत काढत बसावं लागेल.

जास्त बोलले असेन तर धाकटी म्हणून पदरात घे.

तुझी,
चिंगी


१९ जून

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, नवा अर्ज त्याच्यासमोर वाचला. पहिल्या रकान्यापासून, आपल्या सवयीप्रमाणे मोठ्याने. सातवा आला, तोही वाचला. पुन्हा वाच म्हणाला. पुन्हा वाचला. डॉक्टरांनी हे कधी सांगितलं, म्हणून विचारलं. मी महिना सांगितला, वार सांगितला. खोटं सांगावंसं वाटलं नाही, आणि खरं सांगून हलकंही वाटलं नाही.

मग रजेच्या फायलीचं काय होईल ते त्याने विचारलं. मी नियम सांगितला. तो म्हणाला, ग्रंथालयाचं पत्र आधी लिही. शब्दन्शब्द त्यानेच सांगितला. स्वतःबद्दल एकच ओळ. बाकी सगळं अर्ध्या शिवून राहिलेल्या जुन्या राजपत्रांबद्दल. दोरा मेणातून ओढून घ्यावा, नाहीतर कोपऱ्यात तुटतो, वगैरे. दोन्ही कागदांवर सही केली.

त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर हे महिने वेगळे घालवले असते. मी विचारलं, कसे? तो म्हणाला, तेच आता कळायला मार्ग नाही.

सभेत मी पुन्हा बाहेरच बसले. चार मिनिटांत मंजूर. पण झुडूप दोन मीटर छाटल्याशिवाय गाडीचं दार पुरतं उघडणार नव्हतं, आणि पिल्लं आत होती. त्यामुळे आणखी तीन आठवडे गेले. घरटी तपासायला पालिकेचा माणूस शिडी घेऊन तीनदा आला. तिसऱ्या खेपेला घरटी रिकामी निघाली. मग छाटणी झाली, रस्त्यावर पांढऱ्या रेघा आखल्या, खुर्चीचं चित्र काढलं. त्याच आठवड्यात ग्रंथालयात दादाच्या टेबलावर एक नवीन मुलगी रुजू झाली. तिच्या नेमणुकीच्या पत्राची नोंद मी केली.

काल पहिल्यांदा गाडी तिथून काढली. खुर्ची थेट दारापर्यंत गेली, कुणालाही हाक मारावी लागली नाही. सुतार आपल्या दारात हातावर हात ठेवून नुसता उभा होता. कुठे जायचं, असं मी विचारलं. दादाने नुसती काच खाली केली. मी आपल्याच गल्लीभोवती एक फेरी मारून गाडी परत आणून लावली. खुर्ची काढायला उतरले, तर म्हणाला, आत नको, पुन्हा फिरव. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, डावं चाक रेघेवर येतंय, नीट लाव.

मी गाडी मागे घेऊन नीट लावली.

एवढंच लिहायचं होतं. तुझा लोभ असू दे, त्याच्यावर आधी.

तुझी,
ताई